आमचा मोती दादांच्या विहिरीत

दांडियाबाजारातील आमच्या जुन्या घरात १९९४ च्या उन्हाळ्यात एक खेळयंत्र आले. आमचे मेव्हणे न्यू जर्सीहून सुटीवर आले, त्यांनी मुलांसाठी आणलेले ते निन्टेन्डोचे यंत्र होते आणि त्यासोबत एकच कार्ट्रिज होते, ‘अ लिंक टू द पास्ट’. घरात तेव्हा मुले तीन: आमचे चिरंजीव, आणि दादांची कन्या व पुत्र. यंत्र अमेरिकन विजेवर चालणारे, म्हणून एक जड ट्रान्सफॉर्मर विकत घ्यावा लागला. तो जोडून दूरचित्रवाणी संच सुरू केला, तर चित्र कृष्णधवल. अमेरिकेची रंगपद्धती निराळी आणि आमच्या संचाची निराळी, हे तंत्र आम्हांला पुढे कळले. मुलांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तीन वर्षे ती त्या काळ्यापांढऱ्या राज्यात हिंडली. खेळातील नाण्यांना रुपी म्हणतात, याचे त्यांना भारी कौतुक वाटे. हिरवी रुपी एकाची, निळी पाचाची आणि लाल विसाची असते. परंतु रंगच नसल्याने कोणती किती मोलाची हे उचलल्यावाचून कळत नसे. त्यावरून होणारी भांडणे सोडवायला दादा ओटीवरून उठून येत.

ते घर २०१२ साली विकले गेले. मागच्या आडाची बाजू कोणाच्या वाट्याची, या एका प्रश्नावर आम्हां दोघा भावांत जे शब्द झाले ते येथे लिहिण्याचे कारण नाही. दादा इंदूरला कन्येकडे राहायला गेले, आम्ही बडोद्यातच कारेलीबागेत आलो. त्यानंतर बारा वर्षांत आमची गाठ पडली ती लग्नाच्या मांडवात नाही तर तेराव्याच्या पंक्तीला. बोलणेही तेवढ्यापुरतेच.

मुलांमध्ये मात्र हे अंतर आले नाही. २०२४ च्या दिवाळीला चिरंजीव टोरांटोहून आले आणि त्यांनी सांगितले की, तोच जुना खेळ आता चौघांनी मिळून खेळावयाचा आहे. चौघे म्हणजे कोण, असे विचारता उत्तर मिळाले: ते स्वतः, पुतणी, दादा आणि आम्ही. आम्ही एकोणसत्तरीत, दादा शहात्तरीत. आम्ही नकार देण्याच्या बेतात होतो. पण दादांनी होकार दिला आहे असे समजले, तेव्हा आमचा नकार ओठांतच राहिला.

या प्रकाराला रँडमायझर म्हणतात. मराठीत त्याला ‘पिसणे’ हा आपला घरगुती शब्द चपखल बसतो. निन्टेन्डो ही क्योटोची कंपनी १८८९ साली सुरू झाली ती पत्ते बनवण्याच्या धंद्यातच, तेव्हा हा शब्द तिलाही परका वाटू नये. मूळ खेळ १९९१ साली जपानात निघाला. त्यात कोणत्या पेटीत कोणती वस्तू हे कायमचे ठरलेले होते. एकदा खेळलेल्याला सारे पाठ. रँडमायझर त्या दोनशेहून अधिक जागांवरच्या वस्तू पत्त्यांसारख्या पिसून पुन्हा वाटतो. मात्र हे पिसणे आंधळे नसते. एखाद्या किल्ल्यात शिरण्यासाठी हातोडा लागतो आणि हातोडा त्याच किल्ल्यात कोंडला गेला, तर खेळ संपणारच नाही; म्हणून प्रत्येक वस्तू कोठे तरी पोहोचता येईल अशाच ठिकाणी पडेल, हे गणित आधी केलेले असते.

चौघांचा खेळ याच्याही पुढचा. त्यात चारही जगांतील वस्तू एकत्र पिसल्या जातात. तुमची तरवार तुमच्या जगात असेलच असे नाही. ती दुसऱ्याच्या जगातील पेटीत असते, त्याने ती पेटी उघडली की वस्तू तुमच्याकडे येते. बदाम सात खेळलेल्यांना हे लगेच उमजेल. आपली इस्पिकाची रांग अडलेली असते आणि हवे ते पान समोरच्याच्या हातात असते. फरक इतकाच की, बदाम सातमध्ये पान अडवून धरण्यात चातुर्य आहे, येथे अडवणाऱ्याला ठाऊकही नसते की आपण कोणाला अडवले आहे.

हे सारे जमवून आणणाऱ्या कार्यक्रमाचे नाव आर्किपेलॅगो, म्हणजे द्वीपसमूह. हौशी मंडळींनी बनवलेला आणि विनामूल्य. त्याची सुरुवात याच खेळापासून झाली. आता निरनिराळ्या खेळांचे खेळाडूही त्यात एकमेकांना वस्तू पाठवू शकतात.

जुळवाजुळव मात्र सोपी नव्हती. आम्ही माळ्यावरून जुने कार्ट्रिज काढले, पुसले, मोठ्या अभिमानाने चिरंजीवांपुढे ठेवले. ते उपयोगाचे नव्हते. या कार्यक्रमाला जपानी खेळाची पहिलीच आवृत्ती लागते, अमेरिकन चालत नाही. त्यांनी टोरांटोत जुन्या मालाच्या बाजारातून चार जपानी कार्ट्रिजे घेऊन एका उपकरणाने त्यांतील मजकूर संगणकावर उतरवून आणला होता. एकावरच चौघांचे भागले असते असे आमचे मत पडले, पण ज्याची त्याची प्रत ज्याच्या त्याच्या मालकीची असावी यावर ते ठाम होते. वाटणीच्या बाबतीत हा मुलगा आमच्यावर गेलेला नाही.

पुढे प्रत्येकाने आपल्या जगाची एक मांडणी-फाइल लिहावयाची: नाव काय, सुरुवात कोठून, शेवट कशाने, अडचण किती. नाव सोळा अक्षरांत बसवावे लागते. एक आकडा असा असतो की त्याने महत्त्वाच्या वस्तू जरा लवकर हाती येऊन कोणी फार काळ अडून राहू नये अशी सोय होते. तो शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत ठेवता येतो, आम्ही मूळचा पन्नासच राहू दिला. ही फाइल आपल्या हाताने लिहिण्याचा आमचा हट्ट. कचेरीत आम्ही चौतीस वर्षे टंकलेखनयंत्रावर काम केले. ओळ आत सरकवायची तर टॅबची कळ दाबावी, हे बोटांना पक्के ठाऊक. या प्रकारच्या फाइलीत मात्र टॅब निषिद्ध आहे, मोजून मोकळ्या जागा सोडाव्या लागतात. परिणामी तिघांच्या फाइली निर्दोष असूनही चौघांचे जग घडेना. चिरंजीव मध्यरात्रीपर्यंत इतरांच्या फाइली तपासत बसले, कारण बाबांची चूक असेल असे त्यांच्या मनात आले नाही. आमच्या आले होते. पण आम्ही झोपायला गेलो. सकाळी दोष सापडल्यावर ते काही बोलले नाहीत, आणि आम्हांलाही बोलण्यासारखे काही नव्हते.

मग सगळे भराभर झाले. जगे घडली, प्रत्येकाला आपापली दुरुस्ती-फाइल मिळाली, ती मूळ प्रतीवर चढवली, खेळाचे सोंग घेणारा एम्युलेटर आणि सर्व्हर यांच्यामध्ये निरोप्याचे काम करणारा एक छोटा कार्यक्रम चालू झाला. पडद्यावर ते राज्य उगवले, आणि ते हिरवेगार होते. तीस वर्षांनी आम्ही त्याचा रंग प्रथम पाहिला. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, “अगंबाई, त्याचे केस गुलाबी का?”

खेळाच्या आरंभी राजवाड्याच्या भुयारात नायकाचे काका जखमी होऊन बसलेले असतात. मूळ खेळात ते आपली तरवार आणि ढाल पुतण्याला देतात. आमच्या जगातील काकांनी जे दिले ते आमच्यासाठी नव्हतेच. तो पुतणीचा कंदील होता. आम्ही तो उचलला, आणि इंदुरात तिच्या हाती पडला. लगेच तिचा रोमन लिपीतला मराठी निरोप आला, “काका, थँक्यू.” या गावात एक वृद्ध शहाणे गृहस्थ आहेत, त्यांचे नाव सहस्राहला, जपानीत तर ते नाव थेट आपल्या सहस्रारासारखे कानावर पडते. हे दादांना सांगावे असे वाटले, कारण संस्कृत त्यांचा विषय. सांगितले नाही.

चिरंजीव टोरांटोस परतले. खेळ एकत्र बसूनच खेळला पाहिजे असे बंधन नाही. सर्व्हर सारे लक्षात ठेवतो, आणि आपण बंद असताना कोणी काही पाठवले असेल तर उघडल्यावर ते मिळते. सकाळी चहाच्या वेळी संगणक लावला की रात्रीतून मुलाने पाठवलेले बाण, बाटली किंवा विसाची लाल रुपी येऊन पडलेली असे. त्याच्या फोनपेक्षा हे आम्हांला आवडू लागले. फोनवर तो प्रकृती विचारतो.

डिसेंबरात आम्ही अडलो. पुढे अंधाऱ्या जगात जायचे होते, आणि तेथे चंद्रमणी, म्हणजे त्यांचा मून पर्ल, जवळ नसेल तर नायकाचा ससा होतो; सशाला तरवार धरता येत नाही. जेथे जाता येण्यासारखे होते तेथील सर्व पेट्या उघडून झाल्या. आपल्या जगातील एक-दशांश जागा तपासल्या की एक इशारा विचारण्याइतके गुण साठतात. ते आम्ही खर्चून मोत्याचा ठावठिकाणा विचारला. उत्तर आले: मोती दादांच्या जगात, काकारिको गावच्या विहिरीत, वरच्या पेटीत.

त्या विहिरीत उडी मारली की आत खोली लागते. चार पेट्या समोर दिसतात. पाचवी भिंतीआड असते. भिंतीला चीर आहे, तेथे बॉम्ब ठेवावा लागतो. दादा त्या विहिरीत उतरून चार पेट्या घेऊन केव्हाच वर आले होते. इशाऱ्याची ओळ ज्याच्या जगात वस्तू आहे त्यालाही दिसते, म्हणजे दादांच्या पडद्यावर ती आलेली होती. आमचे त्यांच्याकडे काही राहिले आहे, हे त्यांना माहीत होते.

आठ दिवस गेले. दादांच्या जगातून इतरांना वस्तू जात होत्या. मुलाला धनुष्य मिळाले. आमच्याकडे काही येईना. दोन शब्द लिहून पाठवणे अशक्य नव्हते. तथापि दादांकडे काही मागितले त्याला बारा वर्षे झाली होती, आणि त्या वेळी जो सूर लागला तो दोघांच्याही कानांत असणार. आम्ही रोज संगणक लावीत होतो आणि बंद करीत होतो. सौ. म्हणाली, “फोन करा.” आम्ही म्हणालो, “त्यांना दिसते आहे.”

नवव्या दिवशी रात्री साडेनऊला फोन वाजला. इंदूरचा क्रमांक पाहून छातीत धस्स झाले. या वयात त्या वेळेच्या फोनचा अर्थ एकच असतो.

“अरे, ती भिंत कोणती?” दादांचा आवाज. “आठ दिवस सगळ्या भिंतींवर बॉम्ब लावतो आहे. मुलीला विचारले तर ती हसते.”

“दादा, वरच्या अंगाची भिंत. बारीक चीर दिसते बघा.”

“दिसत नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले ना मार्चमध्ये.”

ते आम्हांला कोणी कळवले नव्हते. विचारले कोणी नव्हते, हेही खरे. आम्ही त्यांना उभे कोठे राहायचे ते सांगितले, एक पाऊल डावीकडे, आता ठेवा, मागे सरका. फोनमधून स्फोटाचा बारीक आवाज आला. काही क्षण शांतता. मग आमच्या पडद्यावर दादांच्या नावाने ओळ उमटली आणि मोती आला.

“मिळाला?”

“मिळाला.”

फोन ठेवण्याची वेळ झाली असे वाटले. दादा म्हणाले, “आपल्या आडातही असा कोनाडा होता. बाबा त्यात लोणी ठेवीत उन्हाळ्यात, टोपलीत घालून, दोरीने.”

“होता. पूर्वेच्या अंगाला.”

“पूर्वेला कसा असेल? पूर्वेला रहाट होता. कोनाडा उत्तरेला.”

“रहाट दक्षिणेला होता, दादा. प्राजक्ताच्या बाजूला.”

“प्राजक्त? अरे, प्राजक्त तर जिन्याजवळ होता,” दादा म्हणाले, आणि तेथून पुढे पाऊण तास आम्ही त्या आडाच्या चारही दिशांवर भांडलो.