न खाल्लेली लवंग

भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत 'जोड्या लावा' म्हणून एक प्रश्न असतो. डावीकडे देश, उजवीकडे पिके. ब्राझील आणि कॉफी, क्यूबा आणि ऊस, झांझिबार आणि लवंग. गेली वीस वर्षे डोणगावच्या मुलांना या रेघा मारायला मी शिकवीत आलो आहे. मुले रेघ सरळ मारतात, गुण मिळवतात आणि पुढच्या इयत्तेत जाऊन सारे विसरतात. त्यांचे तरी काय चुकले? रेघेच्या त्या टोकालाही माणसे राहतात, पहाटे उठून चूल पेटवतात आणि पावसाकडे डोळे लावून बसतात, हे प्रश्नपत्रिकेत येत नाही.

तशी लवंग ही आपल्या घरातली फार मानाची वस्तू नव्हे. विड्याला टोचायला एक, मसालेभाताला चार, दाढ ठणकली तर दाढेखाली एक. दिवाळीत ती फटाक्याला आपले नाव उसने देते आणि लवंगीची माळ तडतडून गेली की पुन्हा निमूटपणे डब्यात जाऊन बसते. आमच्या घरात मात्र लवंगेला एक इतिहास होता. तो मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकला होता, की लवंग खाण्याआधीच मला तिची गोष्ट पाठ होती.

गोष्ट १९३७–३८ सालची. तेव्हा झांझिबारात राज्य सुलतानाचे आणि हुकमत इंग्रजांची होती. लवंगेच्या मळ्यांचे मालक बहुतेक अरब, झाडावर चढणारे आफ्रिकी, आणि लवंग विकत घेऊन जगभर धाडणारे व्यापारी हिंदी, त्यातही कच्छी आणि गुजराती फार. १९३४ साली तिथल्या सरकारने काही कायदे केले. मळेवाल्यांच्या जमिनी कर्जापायी हिंदी सावकारांच्या घशात जाऊ नयेत, असे सरकार म्हणे. आम्हाला हुसकून लावण्याचा हा डाव आहे, असे व्यापारी म्हणत. १९३७ च्या कायद्याने तर निर्यातीसाठी लवंग खरेदी करण्याचा मक्ता एका लवंग उत्पादक संघाच्या हाती गेला. हिंदी व्यापाऱ्यांनी व्यवहार थांबवला. परदेशातल्या आपल्या बांधवांसाठी काँग्रेसने इकडे हाक दिली, की झांझिबारची लवंग कोणी घेऊ नये. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनातही तो विषय निघाला. त्याच वर्षी तडजोड झाली आणि बहिष्कार उठला.

माझे पणजोबा तेव्हाचे खादीधारी. मेहकरला सभा ऐकून ते बैलगाडीने परतले, तडक स्वयंपाकघरात गेले आणि लवंगांची बरणी त्यांनी उकिरड्यावर रिती केली. जेवणानंतर विडा लागायचा. लवंगेवाचून तो मिटेना. तेव्हा कुंपणाचा बाभळीचा काटा मोडून त्यांनी विड्याला टोचला. काटा काढायचा, विडा खायचा आणि काटा पुन्हा पानाच्या डब्यात. हा क्रम बहिष्कार उठेपर्यंत चालला. सणावारी ही काट्याची गोष्ट निघे, सगळे हसत आणि सगळ्यांची छातीही जरा फुगे.

त्या गोष्टीला एक शेपूट होते. ते आजोबांनी मला एकट्याला, तेही अगदी शेवटच्या आजारपणात सांगितले. त्या वेळी ते दहा वर्षांचे होते. त्याच दिवसांत पणजीची दाढ धरली होती. गालाला फडके बांधून ती भाकरी थापायची. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद झाली. शेजारणीच्या घरी लवंग होती. तिने पदराआडून देऊ केली. पणजीने घेतली नाही. "ह्यांनी शपथ घेतली हाये," एवढेच म्हणाली. शपथ घेताना तिला कोणी विचारले नव्हते. सभेला तर ती नव्हतीच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याने दारेसलामला बोलावले, तेव्हा माझ्या मनात हे शेपूट होते. तो तिथे नोकरीला आहे. त्याची इच्छा, काकांनी सिंह आणि झेब्रे पाहावेत. मी म्हटले, मला लवंगेचे झाड दाखव.

दारेसलामहून बोटीने दोनएक तासांत झांझिबार येते. ज्याला आपण झांझिबार म्हणतो त्या मोठ्या बेटाचे खरे नाव उंगुजा. तिथल्या जुन्या शहरात पितळी फुल्यांची कोरीव दारे आहेत, अरुंद बोळ आहेत आणि प्रवाशांची गर्दी आहे. लवंगेचे खरे घर मात्र उत्तरेकडचे पेंबा बेट. मुळात ही झाडे आणखी पूर्वेची, मलुकू बेटांतली. डचांनी त्यांवर कडक पहारा ठेवला होता. पिएर प्वाव्र नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या खटपटीने १७७० साली रोपे चोरून मॉरिशसला आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथून झांझिबारला पोचली. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने इथे मळेच्या मळे उभे केले आणि त्यांत राबायला आफ्रिकेतून गुलाम आणले. गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला, आणि गुलामगिरीची कायदेशीर मान्यता जायला १८९७ साल उजाडले. मधे १८७२ साली मोठे वादळ झाले. उंगुजावरची बहुतेक झाडे त्यात आडवी झाली, पेंबा वाचले. तेव्हापासून लवंग म्हणजे पेंबाच.

पुन्हा बोट, मग मकोआनी बंदर, मग छोट्या मोटारीतून चाके चाके आणि तिथून वेटे. रस्ता टेकड्यांवरून वरखाली होतो. आमच्या वऱ्हाडच्या माणसाला एवढी हिरवळ डोळ्यांत खुपते. वाटेत पुतण्याने मला स्वाहिली शिकवायला घेतली आणि शिकवण्यासारखे फारसे निघालेच नाही. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', पैशाला 'पेसा', रंगाला 'रंगी', लाखाला 'लाकी', विम्याला 'बीमा'! घरी आल्यासारखे वाटले. मग लक्षात आले, की हे बहुतेक शब्द दुकानदाराच्या तोंडचे आहेत. आपली माणसे इथे आली ती तराजू घेऊन, आणि तराजूबरोबर शब्दही उतरले.

वेटे दिसण्याआधी त्याचा वास येतो. गाव उतारावर वसले आहे. एक लांब रस्ता खाली बंदराकडे जातो, तिथे लाकडी गलबते डोलत असतात. पूर्व जर्मनीच्या मदतीने उभ्या राहिलेल्या चाळींसारख्या इमारती मधेच भेटतात. त्यांच्या आजूबाजूला केळी आणि आंबे. आणि जिथे ऊन पडेल तिथे, अंगणात, ओट्यावर, डांबरी रस्त्याच्या कडेला, पसरलेल्या चटयांवर लवंगा. काही हिरव्या-गुलाबी, काही तपकिरी. आमच्याकडे रस्त्यावर सोयाबीन पसरतात, तशा.

पुतण्याच्या ओळखीने आम्ही गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या अंगणात गेलो. म्हातारा ऐंशीच्या घरातला. अंगणातली पोरे पुढे आली आणि "शिकामू" म्हणाली. त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात. वडीलधाऱ्याने "मरहबा" म्हणून तो नमस्कार स्वीकारायचा. पायांना हात न लावता पाया पडण्याची ही रीत मला फार आवडली.

म्हाताऱ्याने मला सारे दाखवले. लवंग म्हणजे कळी. ती हिरवी सोडून गुलाबी होऊ लागली की तोडायची. उमलली की तिची किंमत गेली. झाड चांगले उंच, म्हणून नातू फांदीवर चढून झुपके खाली टाकत होता. बायका-मुली तळहातावर झुपका रगडून देठ वेगळे करीत होत्या. देठही वाया जात नाहीत. चाके चाकेजवळच्या कारखान्यात त्यांचे तेल काढतात. मग चार-पाच दिवस ऊन. तीन किलो ओल्या कळ्यांची जेमतेम एक किलो लवंग होते. आणि त्या चार-पाच दिवसांत पाऊस आला, तर बुरशी.

"मग विकता कुणाला?" मी विचारले.

"सरकारला. दुसऱ्याला विकायची नाही."

"आणि विकली तर?"

तो हसला आणि समुद्राकडे पाहत राहिला. पलीकडे केनियाचा किनारा आहे. तिथे भाव बरा असला, की रात्रीच्या होड्यांतून पोती जातात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. मला हसू आले. महाराष्ट्रात १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा राज्याबाहेर कापूस न्यायला बंदी होती. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशाची हद्द आहे, आणि रात्र तिकडेही होतेच. पुतण्याने हे स्वाहिलीत सांगितले. म्हाताऱ्याने माझा हात हातात घेतला, तो बराच वेळ सोडला नाही.

मग त्याने आपले सांगितले. ही तीन एकर जमीन वडिलांना क्रांतीनंतर मिळाली. १९६४ च्या जानेवारीत ती क्रांती झाली. किती अरब आणि हिंदी कुटुंबे तीत मारली गेली, किती देशोधडीला लागली. मोठे मळे सरकारजमा होऊन तीन-तीन एकरांनी वाटले गेले. त्याआधी वडील एका अरबाच्या मळ्यात तोडणी करीत. "एक वर्ष," तो म्हणाला, "वडील नेहमी सांगत. झाडे लालेलाल, पण मालकाने माणसे लावली नाहीत. गिऱ्हाईक नाही म्हणे. कळ्या झाडावर उमलून गेल्या. का, ते वडिलांना कधी कळले नाही."

ते वर्ष इंग्रजांच्या वेळचे, मोठ्या लढाईच्या आधीचे. एवढेच त्याला ठाऊक होते. मला त्याहून थोडे अधिक ठाऊक होते.

मी सांगावे की नाही? पणजोबांनी उकिरड्यावर ओतलेली बरणी, बाभळीचा काटा. त्यांचे मन स्वच्छ होते. परमुलखातल्या आपल्या माणसांना त्रास होतो आहे, हे ऐकून त्यांनी जिभेचा एक सुखाचा घास सोडला होता. त्यांनी ऐकले ते खोटेही नव्हते. पण सभेत बोलणाऱ्यांनी व्यापाऱ्याचे नाव घेतले होते. झाडावर चढणाऱ्याचे नाव त्या सभेला ठाऊक नव्हते. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे आणि सावकाराचे नाते वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. वेट्यातला सावकार मात्र परदेशी एकाकी पडलेला 'आपला बांधव' होता. दुरून माणसाचा एकच चेहरा दिसतो.

मी सांगितले. काट्याचे ऐकून म्हातारा मोठ्याने हसला. त्याने ती गोष्ट नातवाला झाडाखालून ओरडून सांगितली. मग मी पणजीच्या दाढेचेही सांगितले. का, ते माहीत नाही. पुतण्यानेही ते प्रथमच ऐकले, आणि सांगता सांगता तो अडखळला. म्हातारा हसायचा थांबला. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "पोले."

या शब्दाचा अर्थ पुतण्याने मला नंतर नीट समजावला. कोणी ठेचकाळले, कोणी दमून आले, कोणाच्या घरी मयत झाली, की 'पोले' म्हणतात. ती क्षमायाचना नाही आणि त्यात दोष कोणाचा हा हिशेबही नाही. तुला दुखले, ते मला कळले, एवढेच. पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच्या एका दाढदुखीला कोणी हा शब्द दिला नव्हता. आमच्या घरात तर नाहीच. आम्ही काट्याचे कौतुक करण्यात गुंतलो होतो. ज्याच्या बापाची मजुरी त्याच वर्षी बुडाली, त्याने तो दिला.

मीही त्याला "पोले" म्हणालो. उच्चार चुकला असावा, कारण पोरे हसली.

एवढ्यात समुद्राकडून वारा सुटला आणि आभाळ भरून आले. म्हातारा उठून ओरडला. नातू झाडावरून सरसर खाली आला, बायका धावल्या. सोयाबीनच्या दिवसांत आमच्याकडे जी पळापळ होते, तीच. तिथे कोणाला काही शिकवावे लागत नाही. चटईची दोन टोके म्हाताऱ्याने धरली, दोन मी धरली. थेंब पडायच्या आत शेवटची चटई छपराखाली आली. ओट्यावर आम्ही धापा टाकीत बसलो. पाऊस चांगला तासभर कोसळला. म्हातारा मूठभर लवंगा हातात घेऊन एकेक कळी दाताने चावून पाहत होता, वाळली की नाही. त्याने एक मला दिली. तिखट होती, आतून अजून ओली होती.

"आणखी दोन दिवस ऊन हवे," तो म्हणाला.