घाम न दिसणारे गाव

धर्मगुरूच्या जीवनात बदली ठरलेलीच असते. वसईच्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या मला काही वर्षांपूर्वी नागपूरला जाण्याचा आदेश मिळाला. मी पुस्तके बांधली, निरोप घेतले. तेथील हवेची चौकशी मात्र वरवरच केली. मुंबई व नागपूर या दोन्ही शहरांचे वार्षिक सरासरी तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअस आहे, एवढे वाचले आणि निश्चिंत झालो.

त्या सरासरीनेच मला फसविले. समुद्र सावकाश तापतो व सावकाश निवतो. त्यामुळे किनाऱ्यावर मे महिन्यातील दुपारचा पारा सहसा ३३-३४ अंशांवर थांबतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या नागपुरात तो त्याच महिन्यात ४२ अंशांपलीकडे जातो आणि डिसेंबरच्या रात्री १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. या दोन टोकांची सरासरी काढली, की आकडा मात्र सौम्य दिसतो.

पहिल्याच मे महिन्यात, भर दुपारी एक वाजता, मी सायकलवरून एका आजारी वृद्धाला भेटावयास निघालो. अंगावर घामाचा थेंब नव्हता, म्हणून तहानेकडेही दुर्लक्ष केले. मला दारात पाहून तो वृद्धच घाबरला. परतताना माझे डोके गरगरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. आमच्या स्वयंपाकीणबाईंनी मला सावलीत निजविले, ओल्या फडक्याने अंग पुसले आणि जरा हुशारी आल्यावर कैरीचे पन्हे पाजले. मग म्हणाल्या, "फादर, इथं घाम दिसत नाही, म्हणून तर माणूस फसते."

एका वाक्यात त्यांनी मला तेथील हवामान शिकविले. वसईच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, म्हणून तो जाणवतो. कोरड्या हवेत तो क्षणार्धात उडून जातो. शरीरातील पाणी व मीठ नकळत घटत राहते. याच कोरडेपणामुळे तेथे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो. वसईत तोच कूलर दमटपणा वाढवितो. त्यानंतर मी भेटीगाठी सकाळीच उरकू लागलो आणि डोक्याला दुपट्टा बांधल्याविना बाहेर पडेनासा झालो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, तेव्हा मला त्या बाईंचीच आठवण झाली.

आज आमची मुले नोकरीनिमित्त दूरच्या शहरांकडे निघतात, निरोप घ्यावयास येतात. मी त्यांना सांगतो, वर्षाची सरासरी पाहू नका. सर्वांत उष्ण व सर्वांत थंड महिना पाहा, हवेतील ओलावा पाहा. आणि तेथे पोहोचल्यावर शेजाऱ्याला विचारा, "उन्हाळ्यात दुपारी तुम्ही काय करता?"

हा प्रश्न मी विचारला नाही. सेवा करावयास गेलो होतो. त्या दिवशी माझीच सेवा इतरांना करावी लागली.