तिकिटावरची गावं

कात्रज, शिंदेवाडी, शिवापूर, नसरापूर फाटा, कापूरहोळ, भोर. आमच्या घरात ही गावं पाढ्यांसारखी पाठ होती. अब्बा एसटीत कंडक्टर होते. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी स्वारगेट-भोर याच रस्त्यावर काढली. आम्ही भावंडं जुन्या तिकिटांचे थोकळे घेऊन खेळायचो, पाटावर बसून ओरडायचो, "चला, नसरापूर फाटा, उतरून घ्या!" यांतलं शिवापूरच्या पुढचं एकही गाव आम्ही पाहिलेलं नव्हतं.

शिवापूरपर्यंत मात्र जायचो. कमरअली दुर्वेश बाबांच्या दर्ग्यात अकरा जण एकेक बोट लावून धोंडा उचलतात, त्यात मीही एकदा बोट लावलंय. कंदुरी झाली की परतीची गाडी. "पुढं काय आहे?" विचारलं की अब्बा म्हणायचे, "काय असणार? रस्ता." घरच्यांसाठी पास मिळायचा, तरी त्यांनी आम्हाला पुढं कधी नेलं नाही. रोज जातात म्हणून कंटाळत असतील, असं मला वाटायचं.

शाळेत एकाला हे नाव सापडलं. "नसरापूर म्हणजे तुमचंच गाव की रे!" मला ते खरंच वाटलं. अरबीत नस्र म्हणजे मदत, विजय. कुराणातल्या 110व्या सूरेचं नावही तेच आहे. घाटापलीकडं आपल्या लोकांचं एक गाव आहे, अशी माझी समजूत बराच काळ टिकली.

अब्बा गेले त्याला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात अम्मी कपाट आवरत होती. त्यात अब्बांचा बिल्ला निघाला आणि त्याच्यासोबत शर्टावर लावायची नावाची पट्टी. अम्मी सहज बोलावं तसं बोलली. जानेवारी 1993मध्ये, मुंबई पेटलेली असताना, अब्बांची भोर मुक्कामाची ड्युटी होती. दुसऱ्या दिवशी घरी आले. तिनं शर्ट धुवायला घेतला, तर पट्टी छातीवर नव्हती, खिशात होती. तिनं विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात पट्टी परत शर्टावर दिसली.

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी जातो म्हणालो. "जाके आ एकबार," अम्मी म्हणाली, "और चावल ला."

आधी थेट भोरला गेलो. नीरेकाठचं हे गाव म्हणजे पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. उताराचे रस्ते, अजून तग धरून असलेले काही जुने वाडे, आणि 1869चा राजवाडा. हा राजवाडा इतक्या सिनेमांत वापरलाय की पहिल्यांदा पाहतानाही आपण इथं येऊन गेलोय असं वाटतं. संस्थान 1948मध्ये विलीन झालं. चौकातले लाकडी खांब पाहिले, घाटावर थोडा बसलो, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष स्टँडकडेच होतं.

स्टँडजवळच्या चहावाल्याला विचारलं, मुक्कामाच्या गाडीचे लोक पूर्वी झोपायचे कुठं? "उन्हाळ्यात टपावर. पावसाळ्यात आत, बाकड्यावर." साठी उलटलेला माणूस होता. मी अब्बांचं नाव सांगितलं. उंची, मिश्या, सगळं सांगितलं. त्यानं डोकं हलवलं. "कंडक्टरला कोण नावानं हाक मारतंय? आम्ही सगळ्यांना मास्तरच म्हणायचो." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाला, "वडील का?" चहाचे पैसे घेतले. ते घेतले हे मला बरं वाटलं.

परतताना नसरापूर फाट्याला उतरलो आणि वडापनं गावात गेलो. माझं लहानपणीचं 'आपलं गाव' म्हणजे खतांची दुकानं, साड्यांची दुकानं, मोटारसायकलींची गर्दी आणि भाताची शेतं. कुठल्याही बाजारगावासारखं. इथूनच पुढं वेल्ह्याचा रस्ता जातो. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. नसरापूर अजून नसरापूर आहे.

बनेश्वरला जाऊ की नको, असं करत गेलोच. शिवगंगेकाठी दाट झाडी आणि झाडीत नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देऊळ. 1749च्या सुमाराचं. बांधकामाचा खर्च 11,426 रुपये, 8 आणे, 6 पै असा सांगतात. पैपर्यंतचा हा हिशोब अब्बांना आवडला असता. वेबिलात चार आणे कमी आले तरी ते जेवायला बसत नसत.

चपला काढल्या आणि बाहेरच उभा राहिलो. मला कुणी अडवलं नव्हतं. कपाळावर काही लिहिलेलं नसतं माणसाच्या. तरी पाय थांबले. तेवढ्यात एक आजीबाई मागून म्हणाल्या, "सरका की पुढं, मास्तर." शाळामास्तर समजल्या असतील.

पुढं घंटा आहे. चिमाजी आप्पांनी 1739मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा आणलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर 1683 हे साल आहे आणि क्रूस आहे. वसईच्या चर्चमधून निघून ती शंकराच्या दारात आली, आणि क्रूस कुणी घासून काढला नाही. तिला गमवावं लागलेलं घर मला आठवलं, आणि कुणाकुणाला तेही आठवत असेल. एक पोरगं उड्या मारत होतं, हात पोचत नव्हता. मी त्याला उचललं. त्यानं जोरात टोल दिला आणि आजीबाईंनी कान झाकले.

बाजारात आंबेमोहोर घेतला, पाच किलो. फाट्यावर स्वारगेटची गाडी मिळाली. कंडक्टर तरुण पोरगी होती, हातात मशीन. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती. मी ती वाचली नाही.

"कुठं?"

"स्वारगेट, एक."

कात्रजचा बोगदा ओलांडला तेव्हा अम्मीचा फोन आला. नवा तांदूळ आहे की जुना, एवढंच तिला विचारायचं होतं.