घोड्याच्या रूपातला राजपुत्र

'पश्चिमेची यात्रा' ही चिनी कादंबरी वाचणाऱ्याच्या मनात उरतो तो वानर. फार तर खादाड वराह. ह्यूएनत्संगाला भारताकडे वाहून आणणारा पांढरा घोडा मुळात ड्रॅगन आहे, राजपुत्र आहे, हे पुष्कळजण विसरतात. १५९२ साली छापल्या गेलेल्या या शंभर प्रकरणांच्या ग्रंथात मला मात्र तोच जवळचा वाटत आला आहे.

त्याचे कुळ गुहेत सोने राखणारे नव्हे. चार समुद्रांचे चार राजे भाऊभाऊ, आणि सारे स्वर्गसम्राटाचे चाकर. पाऊसदेखील हुकमाबरहुकूम पाडायचा. या राजपुत्राच्या आत्याचे यजमान जिंग नदीचे राजे. ३ फूट ३ इंच आणि वर ४८ थेंब असा हुकूम होता. एका ज्योतिष्याशी लावलेली पैज जिंकण्यासाठी त्यांनी वेळ बदलली, ३ इंच ८ थेंब कमी पाडले. त्यापायी त्यांचे मस्तक गेले. मोजमापाने जगणारे हे घराणे.

अशा घरातल्या मुलाने आग लावून राजवाड्यातले तेजस्वी मोती जाळले. का, ते ग्रंथ सांगत नाही. सांगतो ते एवढेच की, बापाने स्वतः दरबारात फिर्याद गुदरली. मुलाला आकाशात टांगून तीनशे फटके मारले गेले. देहान्ताची शिक्षा ठरली. क्वान-यिन देवीने रदबदली केली म्हणून तो वाचला. पुढे एका दरीत उपाशीपोटी त्याने भिक्षूचा घोडा गिळला आणि त्या घोड्याच्या जागी स्वतःच उभा राहिला.

हे वाचताना मला आमचे धाकटे काका आठवतात. आमच्या इंदूरच्या घरातली देवांची चांदीची उपकरणी त्यांनी तरुणपणी गहाण टाकली, आणि आजोबांनी आपल्या पायांनी जाऊन पोलिसांत वर्दी दिली. पुढे आजोबा अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना उचलून न्हाणीघरात नेणारे काकाच. त्या आठ वर्षांत दोघांमध्ये त्या चांदीचा विषय निघाला नाही. काकांना आम्ही अबोल म्हणत असू. शब्द मात्र त्यांच्याजवळ होते. ते कुठे खर्चायचे, हे त्यांनी ठरवले होते.

राजपुत्राचेही तसेच. तिसाव्या प्रकरणात वानराला गुरूने हाकलून दिलेले असते, गुरूचा राक्षसाने वाघ केलेला असतो, एक शिष्य कैदेत पडतो आणि वराह गवतात झोपलेला. त्या रात्री घोडा दावे तोडून राक्षसाशी एकटा झुंजतो आणि मागच्या पायावर घाव घेऊन तबेल्यात परततो. वराह येऊन आपापल्या घरी जाण्याची भाषा करू लागतो, तेव्हा घोडा त्याचा अंगरखा दातांत धरतो, सोडत नाही, आणि रडत म्हणतो की वानराला परत आण. फटके खाल्लेला, घरातून तुटलेला तोच एकटा मेळा मोडू देत नाही. घर तुटणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके त्या मेळ्यात कुणाला कळले असावे?

त्याचा राजवंशी ताठाही मोडलेला नाही. एका राजाच्या औषधासाठी त्याचे मूत्र हवे असते. तो कुरकुरतो, त्याच्या मूत्राने माशांचे ड्रॅगन होतात, ते असे वाटेल तिथे सांडायचे नसते! मग थोडेसे देतो. हा क्षुल्लक प्रसंग मला प्रिय आहे. सेवा स्वीकारली म्हणून माणूस आपले कुळ विसरतोच असे नाही.

यात्रा संपते. त्याला एका कुंडात ढकलतात. केस गळतात, शिंगे फुटतात, सोनेरी खवले उमटतात. आता त्याने समुद्रात बापाच्या राजवाड्यात परतावे, अशी आपली अपेक्षा असते. तो बुद्धाच्या पर्वतद्वारी एका स्तंभाला वेढा घालून राहतो. बापाने क्षमा केली की नाही, याचा उल्लेख तिथे नाही. मला वाटते, त्याला आता त्या क्षमेची गरज उरली नव्हती. ज्यांना त्याने पाठीवरून वाहिले, त्यांच्यातच त्याचे कुळ होऊन गेले होते.