टायटॅनिक आणि रामदास

आमच्या ढोकीस समुद्र नाहीं. जवळचें तेर हें ज्या काळीं तगर म्हणून प्रसिद्ध होतें, त्या काळीं तेथील माल भडोचच्या बंदरांतून परदेशीं जात असे, एवढाच काय तो आमचा सागराशीं संबंध. तरीही ‘टायटॅनिक’चें नांव ज्याच्या कानीं पडलें नाहीं असा मनुष्य आमच्या गांवांत विरळा. १९१२ च्या एप्रिलमध्यें उत्तर अटलांटिक महासागरांत बुडालेल्या बोटीनें कोरडवाहू मुलखांतील माणसांसही वेड लावावें, याचें कारण काय असावें बरें?

आम्हांस वाटतें, तें कारण अवधींत आहे. हिमनगाची धडक बसल्यापासून बोट नाहींशी होईपर्यंत सुमारें दोन तास चाळीस मिनिटें गेलीं. बोटीवर माणसें सुमारें २,२०० आणि होड्यांत जागा १,१७८ जणांची! तेवढ्या वेळांत कोण होडींत चढला, कोण मागें राहिला, हें वांचलेल्यांनीं पाहिलें व जगास सांगितलें. आपण तेथें असतों तर कसे वागलों असतों, हा प्रश्न प्रत्येक वाचक मनांतल्या मनांत सोडवीत बसतो.

‘रामदास’ आगबोटीस असा अवधि मिळालाच नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्येसाठीं घरीं जाणाऱ्यांची गर्दी होती. वारा व पाऊस वाढला, काशाच्या खडकाजवळ लाटांनीं बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूस लोटले आणि कांहीं मिनिटांत सर्व आटोपलें. सातशेंच्या आसपास उतारूंपैकीं सहाशेंहून अधिक प्राणांस मुकले. कोळ्यांनीं आपल्या होड्यांत घेतले, म्हणून कांहीं वांचले. स्वातंत्र्याचा दिवस तेव्हां एक महिन्याच्या आंत आला होता.

आम्हांस ही हकीकत पुस्तकांतून कळली नाहीं. आम्ही शाळकरी असतांना शेजारीं रेवसकडची एक आजी राहत असे. तिचा मुलगा येथें नोकरीस होता. आषाढी अमावास्येस घरोघर दिव्यांची पूजा होई. ती मात्र एक दिवा उंबऱ्याबाहेर निराळा ठेवी. त्या सायंकाळीं आम्हीं मोठ्या फुशारकीनें तिला ‘टायटॅनिक’ची गोष्ट सांगितली. तिनें ती शांतपणें ऐकून घेतली व विचारलें, “त्या बोटीवर तारेचं यंत्र होतं का रे?”

“होतं, आजी. म्हणून तर दुसरी बोट धांवून आली, नि सातशें माणसं वांचलीं.”

“आमच्या बोटीवर नव्हतं,” ती म्हणाली. “बाबा येणार म्हणून आम्ही दिवसभर वाट पाहिली. सगळं झालं होतं सकाळींच.”

‘टायटॅनिक’ बुडून तेव्हां पस्तीस वर्षें लोटलीं होतीं. त्या दुर्घटनेपासून जगानें घेतलेला धडा मुंबईच्या दाराशीं असलेल्या बोटीपर्यंत पोंचला नव्हता. दूरच्या दुःखाची गोष्ट होते. तिच्यांत आपण रमतों. जवळच्या दुःखाची चौकशी करावी लागते, आणि ती करण्यास आपण कां कूं करतों.

आजी जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. ‘टायटॅनिक’विषयीं कांहीं छापून आलें कीं आम्ही अजूनही तें अधाशासारखें वाचतों, तें वेड गेलें नाहीं. मात्र आषाढी अमावास्येस आमच्याही उंबऱ्याबाहेर एक दिवा असतो. हा कोणाचा, असें मुलें विचारतात, तेव्हां आम्ही त्यांस अगोदर ‘रामदास’ची हकीकत सांगतों.