उतार

वैशाखातलं आमच्याकडचं रान काहीच झाकून ठेवत नाही. हरभरा केव्हाच घरी आलेला असतो, ज्वारीची धसकटं वेचून झालेली असतात, नांगरट अजून व्हायची असते, आणि या मधल्या उघड्या दिवसांत सकाळचं ऊन आडवं येऊन एकेका भेगेत, एकेका ढेकळाआड, गुरांच्या खुरांनी उठवलेल्या एकेका खुणेत सावली भरत जातं, तेव्हा वर्षभर पिकाखाली दडलेली काळी जमीन आपली सगळी वळणं, सगळे चढउतार दाखवत समोर पडलेली असते. उताणी, निःसंकोच.

अशा रानात मी गोल्फ खेळतो.

खेळतो म्हणजे काय, तर हातात कुणाकडून तरी आलेली जुनी सात नंबरची आयर्न, खिशात ओरखडे पडलेले चेंडू, आणि समोर बांधावरच्या बाभळीपर्यंत पसरलेलं, कुणाचीही मनधरणी न करणारं कोरडवाहू रान. झेंडा नाही, खळगे नाहीत, हिरवळ तर औषधालाही नाही. कडुनिंबाच्या सरत्या फुलोऱ्याचा वास एखाद्या झुळकेबरोबर येतो आणि निघून जातो. टिटवी आधी जिवाच्या आकांतानं ओरडते, मग मला ओळखून गप्प बसते. चुलतभाऊ मोटारसायकल थांबवून विचारतो, "काय करायलास रे? ढेकळं फोडायलास का?"

त्याचं अगदीच चूक नसतं.

गवतावर चेंडू जरासा उचललेला बसतो. आयर्न बोटभर अलीकडे लागली तरी तिथं खपून जातं. काळ्या मातीत काही खपत नाही. पातं आधी जमिनीला लागलं की मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या उठतात आणि धुळीत चेंडूच्या अलीकडे ओरखडा उमटतो. फटका साधला तर ओरखडा चेंडूच्या पलीकडे असतो. चेंडू कुठं गेला ते बघायचीसुद्धा गरज नसते. मान खाली घालून धुळीतली रेघ तेवढी वाचायची. महागड्या सरावाच्या जाग्यांवर पडद्यावर आकडे दाखवणारी यंत्रं असतात म्हणे. असोत. आमची धूळ खोटं बोलत नाही आणि पैसेही मागत नाही.

मनगटांना मात्र आपली जुनी आठवण असते. ती बाभळीच्या विटीवर वाढलेली. गावातल्या पटांगणात आम्ही विटी कोलायचो, ती हवेत भिरभिरत असतानाच टोला हाणायचो, आणि वकट, लेंड, मुंड असे शेजारच्या तेलुगूचा वास असलेले आकडे ओरडत ऊन उतरेपर्यंत धावायचो. विटीला आधी उचलावं लागतं, मग मारावं लागतं. गोल्फचा चेंडू उचलायचा नसतो. त्याला वर काढण्याचं काम पात्याचा तिरकस उतार करतो. खेळणाऱ्यानं फक्त खाली, त्याच्यावर उतरायचं. किती साधी गोष्ट! डोक्याला ती एका क्षणात पटते. मनगटांना पटायला उन्हाळ्यांमागून उन्हाळे जातात, कारण ऐन वेळी आतलं कुठलंसं दहा वर्षांचं पोर जागं होतं आणि चेंडूला कोलायला बघतं.

मी त्याला फारसं रागावत नाही.

हा खेळ आपला नाही, हे खरंच. कलकत्त्यात 1829 साली आणि मुंबईत 1842 साली साहेबांनी आपापले गोल्फ क्लब काढले, मग छावण्या गेल्या तिथं तिथं तो गेला. पण ज्या छावण्यांच्या गावी पाणी नव्हतं तिथं गवताचा हट्ट चालेना. मग खळग्याभोवती वाळूत तेल कालवून ती सपाट चोपून घेत, आणि त्या चौथऱ्याला ग्रीन न म्हणता सरळ ब्राउन म्हणत. मला ही गोष्ट फार आवडते. तपकिरी, तेलकट, उन्हात तापणारा तो चौथरा. पलीकडे धूळ, अलीकडे धूळ. तिथं मराठवाड्याचा माणूस पहिल्याच दिवशी घरचा झाला असता.

पुण्याला गेलो की मित्राचा पाहुणा म्हणून येरवड्याच्या कोर्सवर जातो. पहाटे फवारे चालू असतात. थेंबांचा पंखा उलगडतो, मिटतो, पुन्हा उलगडतो, त्यातून ऊन आरपार येताना क्षणभर रंगांची कमान धरतं, गवताच्या पात्यापात्यावर ओल चमकत राहते, मातीचा नव्हे तर कापलेल्या गवताचा हिरवा, थंड वास अंगावर येतो आणि बुटांत गारवा शिरतो. हे सगळं देखणं असतं. नुसतं देखणं म्हणून ते मला बघता येत नाही. 2016 च्या त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता, लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती, आणि 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं: दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. गाडी बघायला माणसं रुळांकडेला उभी होती. त्याच महिन्यात उच्च न्यायालयानं आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. मैदानाचं गवत आणि माणसाची घागर एका तराजूत पडली होती. तो काटा माझ्या आत अजून स्थिर झालेला नाही.

बूट ओले झाले की हलतो.

तरी मी खेळतो. ग्रीनवरचा खळगा 108 मिलिमीटरचा, जपमाळेत जितके मणी तितकाच आकडा. चेंडू 43 मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे जागा भरपूर आहे, असं गणित सांगतं. आणखी एक गणित आहे, ते कुणालाच आवडत नाही. पार 72 च्या कोर्सवर दर खळग्याला दोन पट, म्हणजे ग्रीनवरचे हलके फटके, धरलेले असतात, म्हणजे 36 फटके, निम्मा खेळ, हे असे हात-दोन हात सरकण्याचे. आम्हा हौशी लोकांना मात्र ड्राइव्ह हवा असतो. तो आवाज, ते आभाळात विरघळत जाणारं पांढरं टिंब, आणि मागून कुणीतरी म्हटलेलं "वा!" पटला कोण वा म्हणतं? आमच्यासारख्यांसाठी खेळात हँडिकॅप नावाची दया मात्र ठेवलेली आहे. ती 54 पर्यंत मिळते, आणि चांगल्या खेळाडूच्या खांद्याला खांदा लावून त्याच पाटीवर आपलाही आकडा लिहिता येतो. खेळ सुधारणं म्हणजे या दयेतला थोडा थोडा वाटा परत करत जाणं. मला घाई नाही.

पुण्याच्या त्या कोर्सवर एकदा बरोबर एक उतारवयाचे कॅडी होते. मी त्यांना मामा म्हणत होतो, ते मला सर म्हणत होते, दोघांनाही ते चाललं होतं. पट लांबचा होता. मी चेंडूच्या मागं उभा राहून खळग्याकडे रोखून बघत होतो, जणू टक लावल्यानं तो जवळ येणार होता. मामांनी बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "सर, इथं बादलीभर पाणी ओतलं तर जाईल कुठं?"

पाणी कुठं जाईल.

मृगाच्या तोंडावर आजोबा खांद्यावर खोरं टाकून बांधाबांधानं फिरायचे. मध्येच थांबायचे, डोळे बारीक करायचे, अनवाणी पायाचा अंगठा मातीत रुतवून जमीन कुठं कलते ते चाचपायचे, आणि आभाळात ढगाचा टिपूस नसताना त्यांना ते येणारं पाणी दिसायचं, कुठून उतरेल, कुठल्या कोपऱ्यात रेंगाळेल, कुठल्या फटीतून सगळी माती घेऊन ओढ्याला पळेल ते सगळं. मग तिथं दोन खोरी माती पडायची, एक दगड बसायचा. "पळणाऱ्या पाण्याला वाट इचारावी लागती," असं काहीसं म्हणायचे. मला तेव्हा भूक लागलेली असायची. माझं लक्ष भाकरीच्या फडक्याकडे.

मी पुटर बाजूला ठेवला, खाली बसलो आणि डोळे बारीक केले. हिरव्या गुळगुळीत अंगाखाली जमीन हळूच डावीकडे झुकत होती, खळग्याच्या हातभर अलीकडे जास्तच झुकत होती, आणि तिथून एक न दिसणारी धार वळसा घेऊन खाली चालली होती. मी खळग्याकडे न मारता उजवीकडे, त्या धारेच्या उगमाकडे चेंडू सोडला. मारला नाही, सोडला. तो गेला, रेंगाळला, मग पाण्यासारखा वळला.

खळग्यात पडला नाही. काठाशी थांबला. पण वळला तो मी पाहिलं होतं तिथूनच, आणि मामा मान डोलावून म्हणाले, "गाव कोणतं तुमचं?"

तेव्हापासून लातुरात संध्याकाळी गच्चीवर सतरंजी अंथरतो. पलीकडे स्टीलचा पेला आडवा ठेवतो. त्याचं तोंड खऱ्या खळग्याहून बरंच लहान, म्हणून पुण्यात खळगा मोठा वाटतो. खाली गंजगोलाईच्या बाजाराकडून येणारे भोंगे, वर तापलेल्या सिमेंटची ऊब, चेंडू पेल्याला लागला की टण्णकन आवाज. नाही लागला तर कुठं जाणार ते आता पाठ झालंय: पूर्वेच्या कोपऱ्यात. गवंड्यानं उतार तिकडेच काढलेला आहे, कारण त्या कोपऱ्यातल्या पाइपमधून गच्चीचं पाणी खाली बोअरात जातं. 2016 नंतर आम्ही तो बसवला. पाइपच्या तोंडाची जाळी गेल्या वर्षी वाऱ्यानं उडाली, तेव्हापासून तोही एक खळगाच, आणि 108 हून थोडा जास्तच ऐसपैस.

परवा चेंडू त्यात गेला. सरळ, न अडखळता, इतका सुंदर पट मी कधी मारलेला नाही.

आई जिन्याच्या तोंडाशी भिजवलेली मटकी निवडत बसली होती. तिनं तो घरंगळत खाली जाताना ऐकला. "मृगाच्या आत तेवढा काढून घे बाबा," ती म्हणाली. "पाऊस आला तर पाणी बोअरात उतरायचं कुठून?"

प्लंबर सोमवारी येतो म्हणालाय. तोवर मी सळईला हूक करून बघतोय.