घसारा

आमच्या हिशेबशास्त्राच्या पुस्तकात प्रत्येक यंत्राचे आयुष्य ठरलेले असते. दरवर्षी घसारा वजा करीत गेले की एक दिवस खात्यावर फक्त भंगाराची किंमत उरते. परीक्षेत असली गणिते मी कधी चुकलो नाही.

बाबा कॅम्पातल्या एका बंगल्यात माळीकाम करतात. गेल्या मे महिन्यात मालकांनी विजेवर चालणारे नवे यंत्र आणले आणि हाताने ढकलायचे जुने लॉनमोअर बाबांना देऊन टाकले. सायकलच्या कॅरिअरला बांधून बाबा ते वडगावपर्यंत चालत घेऊन आले.

"भंगारात घाला," मी म्हणालो.

बाबा काही बोलले नाहीत. आणखी दोन घरांची हिरवळ ते उकिडवे बसून विळ्याने कापत, आणि गुडघे आता साथ देत नव्हते. हे मला ठाऊक होते. पण वर्गात कोणी विचारले तर 'वडील कॅम्पात नोकरीला आहेत' एवढे सांगून मी विषय बदलत असे.

शेवटी मनाला लागले म्हणून सुट्टीत यंत्र मीच उघडले. गंजलेल्या बोल्टांवर रात्रभर डिझेल सोडले, तेव्हा कुठे ते हलले. मग कानस घेऊन एकेक पाते घासले. पाती चमकू लागली. पण गवत कुठे कापले जाई, कुठे नुसते वाकून पुन्हा उभे राही.

शेजारचे कन्नड काका उद्यमबागेत फिटर आहेत. त्यांनी पाते बोटाने चाचपले आणि आपल्या भाषेत मला समजावले, की हा विळा नव्हे, कात्री आहे. वरची पाच पाती फिरतात, खालचे एक स्थिर असते. गवत त्या दोहोंत सापडून कापले जाते. म्हणून एकट्या पात्याला धार लावून भागत नाही. दोघांनी एकमेकांना घासले पाहिजे.

मोटारच्या सुट्या भागांच्या दुकानातून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली. एक चाक काढून आतल्या दांड्याला हँडल लावले, पात्यांना पेस्ट फासली आणि ती उलटी फिरवू लागलो. माझ्या कानशीने केलेले उंचसखल निघायला दोन संध्याकाळी लागल्या.

"सावकाश, तम्मा, सावकाश!" काका म्हणत. हा शब्द त्यांचा की आमचा, हे विचारायला फुरसत नव्हती.

पेस्ट पुसून स्क्रू बेताने आवळले. पात्यांत वर्तमानपत्राचा कागद धरला, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत करकर कापला गेला.

पुढे वाचनात आले, की १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी हे यंत्र काढले. कल्पना सुचली ती लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीच्या यंत्रावरून. विणकरांच्या वडगावात आलेले हे यंत्र अगदीच परक्या घरी आले नव्हते तर!

रविवारी मी बाबांबरोबर गेलो. यंत्र ढकलीत असता समोरच्या बंगल्यातून माझा एक वर्गमित्र बाहेर आला.

"तू इथे?"

क्षणभर घसा कोरडा पडला. मग म्हणालो, "हे माझे वडील. माळी आहेत."

बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"बोलत काय उभा राहिलास?" ते म्हणाले. "कडेचं गवत राहिलंय."